सान्तेल्मोचा अभ्यास

१२ एप्रिल २०२५, शनिवार

इटलीचं नक्की झालं. सतीश सगळ्यांना सांगत सुटलाय की वहिनींनी ठरवलं आणि गुणवंत, म्हणजे मी, नुसता मान डोलावतोय. म्हणून हे लेखी ठेवतो. जायचं हे माझ्या बायकोने, साधनाने ठरवलं, कुठे जायचं हे मी.

साधनाची मागणी एवढीच होती. "या वर्षी सुट्टीत पुणे नको. कुठेतरी जाऊ, जिथे मला कुणाला वाढावं लागणार नाही आणि समोर पाणी असेल." मी म्हटलं, पाणी इथे एमिरेट्समध्येही आहे, अल बर्शातल्या आपल्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. तर म्हणे, ते पाहून झालं. शाळेत सुपरवायझर झाल्यापासून तिची उत्तरं फार तुटक झाली आहेत. घरीही स्टाफ मीटिंग चालू असल्यासारखी बोलते.

बरोबर सतीश आणि ईशानीवहिनी. इथेच करामा भागात राहतात, या देशातल्या आमच्या पहिल्या वर्षापासूनचे मित्र. सतीशचं टाइल्सचं शोरूम आहे, त्यामुळे इटली म्हटलं की त्याला मार्बलशिवाय काही सुचत नाही. त्याचा प्लॅन रोम, व्हेनिस आणि तो कलता मनोरा हाताने ढकलत असल्याचा फोटो. मी तो प्लॅन मोडीत काढला आणि लिग्युरियाच्या किनाऱ्यावरचं सान्तेल्मो शोधलं. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये कोंबून बसवलेलं गाव. एकच गाव, पण नीट बघायचं. त्यासाठी कुणीतरी अभ्यास करायला हवा. सध्या माझं कन्सल्टन्सीचं काम जरा स्लो आहे, तेव्हा तो मीच करणार.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, 'यल्ला सान्तेल्मो', म्हणजे चला सान्तेल्मोला. अ‍ॅडमिन मी.

२६ एप्रिल, शनिवार

सतीशकडे माझं पहिलं व्याख्यान झालं. जेवणाआधी ठेवलं होतं, कारण जेवल्यावर सतीश झोपतो हा अनुभव आहे.

सान्तेल्मोची घरं गेरू, गुलाबी, पिवळी अशी भडक रंगवलेली आहेत. का, तर खलाशांना परत येताना समुद्रातूनच आपलं घर ओळखू यावं. त्यातल्या पुष्कळ खिडक्या खोट्या आहेत. भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या, झडपा, पडदे, एका खिडकीत तर मांजरही. पूर्वी खिडक्यांवर कर होता म्हणे, आणि ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी रंगवून घेतल्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला घर श्रीमंत दिसायचं. मला ही युक्ती फार आवडली. माणसाने बाहेरून तरी नीट दिसावं.

पुढे मी जेनोआचं राज्य, समुद्री चाचे, धोक्याच्या वेळी घंटा वाजवायचा दगडी बुरूज हे सगळं सांगितलं. मग देवळातल्या छोट्या जहाजांबद्दल. वादळातून वाचलेला खलाशी नवस फेडायला आपल्या जहाजाची लाकडी प्रतिकृती देवळात टांगायचा. ईशानीवहिनींनी विचारलं, शॉपिंग कुठे आहे. आमची मुलगी सृष्टी सोफ्यावर पाय घेऊन मोबाइल बघत होती. सोळा वर्षांची झाली, पण तिला एक प्रश्न सुचला नाही.

साधनाने एकच विचारलं, "तिथे पोहता येतं का?"

"येतं की. पण तुला कुठे येतं?" मी म्हटलं.

सगळे हसले. साधनाही हसली असावी, ती पाणी आणायला उठली होती.

३ मे, शनिवार

आज कागदपत्रांचा दिवस. डोकं उठलं.

इथे एक टेक्निकल बाब लिहायला हवी. सप्टेंबरात कंपनीने रिस्ट्रक्चरिंग केलं आणि एकवीस वर्षं जबल अलीचं वेअरहाऊस सांभाळणाऱ्या माणसाला एका ईमेलवर मोकळं केलं. इथे नोकरी गेली की रेसिडेन्सी, म्हणजे राहण्याचा परवाना, जाते. म्हणून नोव्हेंबरपासून माझा व्हिसा साधनाच्या स्पॉन्सरशिपवर आहे. तात्पुरता. दुसरी पोझिशन मिळाली की बदलायचाच आहे. कुणाला सांगत बसलेलो नाही, कारण लोकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

तर इटलीच्या व्हिसासाठी जो डिपेन्डन्ट असतो त्याला स्पॉन्सरचं पत्र लागतं. साधनाने ते लिहून, प्रिंट काढून, सही करून माझ्या फाइलमध्ये लावूनही टाकलं होतं. मला म्हणाली, "वाचून बघा, काही राहिलं असेल तर." चेहरा अगदी खुशीत. मी वाचलं. माझे पती श्री. गुणवंत माझ्यावर अवलंबून असून त्यांच्या प्रवासाला माझी हरकत नाही, त्यांचा सर्व खर्च मी करीन, आणि प्रवास संपल्यावर ते माझ्याबरोबर परत येतील याची मी हमी देते.

हमी. मी काय पळून जाणारा कामगार आहे?

हे पत्र मला तोंडपाठ आहे. वीस वर्षं मीच लिहीत आलो. सिंगापूरला, लंडनला, दर वेळी 'माझी पत्नी साधना माझ्यावर अवलंबून असून'. दोन मिनिटांचं काम असायचं, तिला वाचायलाही देत नसे. तिने कधी काही मनाला लावून घेतलं नाही, कारण त्यात मनाला लावून घेण्यासारखं नव्हतंच.

"ठीक आहे," मी म्हटलं.

६ मे, मंगळवार

सतीशच्या शोरूमवर गेलो. त्याला म्हटलं, मला तुझ्या लेटरहेडवर एक पत्र हवंय, मी तुझ्याकडे ऑपरेशन्स डायरेक्टर आहे असं. व्हिसापुरतं.

सतीश बराच वेळ पेनचं टोपण उघडझाक करत बसला. मग म्हणाला, "अरे, पण वहिनींचं पत्र जोडलंस तर सरळ होईल की सगळं."

मी चरकलोच. याला कसं कळलं? मग लक्षात आलं, शेवटी धंदेवाला माणूस आहे, अंदाज बांधला असणार. मी म्हटलं, साधनाचा काय संबंध, ती तिचं पत्र तिच्या फाइलमध्ये जोडतेय. कन्सल्टन्सीचं इटलीवाल्यांना समजावत कोण बसणार, म्हणून तुला सांगतोय.

"गुणवंत, तुझ्या आयडीवर काय लिहिलंय ते बघतात ते लोक."

"त्यांना एवढा वेळ नसतो, हबीबी."

शेवटी दिलं त्याने. देताना म्हणाला, "साधनावहिनींना सांगून टाक बाबा." सतीश चांगला आहे, पण बायकांना फार घाबरतो.

घरी येऊन फाइलमधलं साधनाचं पत्र काढलं आणि हे लावलं. ऑपरेशन्स डायरेक्टर. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गेल्या आठ महिन्यांत माझ्या नावापुढे कुणी काही लिहिलं नव्हतं. मागच्या आठवड्यात एका इंटरव्ह्यूला गेलो तर समोरचा तिशीतला मुलगा मला अंकल म्हणाला आणि वर पाणी विचारलं.

१४ मे, बुधवार

व्हिसा सेंटरला जाऊन आलो. साधना आणि सृष्टी शेजारच्या काउंटरला, मी वेगळ्या. काउंटरवरच्या मुलीने माझा एमिरेट्स आयडी पाहिला, पत्र पाहिलं, पुन्हा आयडी पाहिला. "सर, यू आर वर्किंग हिअर?" मी म्हटलं, "ऑफ कोर्स." तिने काहीतरी टाइप केलं. बोटांचे ठसे, फोटो, खलास.

बाहेर आल्यावर साधनाने सगळ्यांना आइस्क्रीम घेतलं. फार मोकळी दिसत होती. गाडीत गाणं लावलं आणि स्वतःच गुणगुणत बसली. मी तिला सान्तेल्मोच्या लिंबाच्या बागांबद्दल सांगायला लागलो तर म्हणाली, "आत्ता नको ना हो."

२९ मे, गुरुवार

पासपोर्ट आले. साधनाचा व्हिसा झाला. सृष्टीचा झाला. सतीश आणि ईशानीवहिनींचेही झाले.

माझा नाही.

छापील कागदावर एका चौकोनात फुली मारलेली. दिलेली माहिती विश्वासार्ह वाटली नाही. माझी माहिती. मी एकवीस वर्षं या देशाच्या कस्टम्सला माहिती देत आलो, एक कंटेनर कधी अडला नाही.

साधना शाळेतून आली तेव्हा मी म्हटलं, रँडम असतं, दहातल्या एकाला रिजेक्ट करतात. तिने पर्स न ठेवता उभ्याउभ्या तो कागद वाचला. मग फाइल उघडली. सेंटरने कागद परत दिले होते, त्यात सतीशचं लेटरहेड वरतीच होतं. तेही वाचलं. डोळ्यांवर चष्मा, शांतपणे, मुलांचे पेपर तपासते तशी.

"माझं पत्र कुठे आहे?"

"ड्रॉवरमध्ये. अगं, त्याची गरज..."

"बरं," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मी समजत होतो भांडण होईल. झालं नाही. सुटलो.

३१ मे, शनिवार

ग्रुपवर सविस्तर मेसेज टाकला. काही प्रशासकीय कारणाने आमचं कुटुंब या वेळी येऊ शकत नाही, सतीश-ईशानीला शुभेच्छा, माझ्या नोट्स वापराव्यात. पुढच्या वर्षी इन्शाल्ला.

ईशानीवहिनींचं उत्तर आलं, "साधना तर येतेय ना? कालच तर आम्ही स्विमसूट बघून आलो."

मी स्वयंपाकघरात गेलो. साधना भेंडी चिरत होती. विचारलं, हे काय. ती म्हणाली, "मी जाणार आहे. सृष्टीला घेऊन."

"आणि मी?"

"तुम्हाला व्हिसा नाही मिळाला."

"अगं, पण मी नसताना तुम्ही तिथे करणार काय? तुम्हाला काय माहिती आहे त्या गावाची?"

"काही नाही माहिती," ती म्हणाली आणि भेंडी तव्यात टाकली. बोलण्यात राग नव्हता. मी तिथेच फ्रीजला टेकून उभा राहिलो, जोवर तिने बाजूला व्हा म्हटलं नाही.

७ जून, शनिवार

ईदची सुट्टी. बाहेर माणूस भाजून निघतोय.

आठवडाभर विचार केला आणि शेवटी मीच म्हटलं की जा. उगाच त्यांचा हिरमोड कशाला. सतीशलाही फोन करून सांगितलं की मी साधनाला पाठवतोय. तो म्हणाला, "हो हो, बरोबर केलंस."

आता माझी जबाबदारी वाढली. त्यांच्यासाठी मार्गदर्शिका तयार करतोय. रोजचा कार्यक्रम, सकाळी काय, दुपारी काय. पहिल्या दिवशी बुरूज, दुसऱ्या दिवशी जहाजांचं देऊळ, तिसऱ्या दिवशी डोंगरावरून मठापर्यंतची पायवाट. खारवलेल्या माशांच्या बरण्या कुठल्या दुकानात, कोणत्या घराच्या खिडक्या खोट्या आहेत, सगळं. रंगीत प्रिंट काढून बाइंडिंग केलं. दोनशे दिरहम घेतले त्या चोराने, म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या वर झाले. सृष्टीला दाखवलं तर म्हणाली, "बाबा, इट्स लाइक अ टेक्स्टबुक." मी म्हटलं थँक यू.

५ जुलै, शनिवार

एअरपोर्टला सोडून आलो.

चिवडा, खाखरे, मेथीचे ठेपले मी स्वतः जाऊन आणले होते. साधनाने बॅगेतून काढून ठेवले. म्हणाली, तिथे जे मिळेल ते खाऊ. मार्गदर्शिका मात्र मी तिच्या हँडबॅगमध्ये ठेवली आणि दोनदा सांगितलं की विमानात पहिलं प्रकरण वाचून घे. ती हो म्हणाली. आत जाताना सतीशने मागे वळून हात केला, ईशानीवहिनींनी केला. साधना आणि सृष्टी काहीतरी हसत पुढे गेल्या होत्या. गर्दी होती, दिसलं नसेल त्यांना.

घरी येऊन ठेपले खाल्ले.

७ जुलै, सोमवार

सकाळी आठला बुरुजावर व्हॉइस नोट पाठवली, सात मिनिटांची. दुपारी देवळावर. संध्याकाळी खिडक्यांवर एक छोटी. सतीशने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. साधनाच्या निळ्या टिक्स आल्या, पण इतक्या लगेच की ऐकलं कधी असेल कोण जाणे.

विचारलं, बुरूज पाहिला का. सृष्टीने लिहिलं, "व्हिच वन?"

त्या गावात एकच बुरूज आहे.

९ जुलै, बुधवार

आज वाचताना सान्तेल्मोच्या इतिहासातला सगळ्यात रंजक भाग हाती लागला. हा मला आधी कसा दिसला नाही.

हे गाव कप्तानांचं होतं. शिडाच्या जहाजांवरचे कप्तान वर्षानुवर्षं बाहेर असायचे आणि मागे बायका सगळं बघायच्या, घर, पैसे, मुलांची लग्नं. मग वाफेची जहाजं आली आणि हे सगळे कप्तान एका फटक्यात घरी बसले. आता करायचं काय? गडी दिवसभर धक्क्यावर बसून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या चुका काढायचे. घरी जाऊन हुकूम सोडायचे, तेलाची बरणी इथे का, दोरीवरचे कपडे तसे का. बिचाऱ्यांना सवय होती ना.

तेवढ्यात छातीच्या विकारावर हवापालट म्हणून इंग्रज पाहुणे यायला लागले आणि बायकांनी घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या. कप्तानांनी विरोध केला, आमच्या घरात परके लोक नकोत म्हणाले. पण बायकांनी ऐकलं नाही. आज ज्याला सान्तेल्मो रिसॉर्ट म्हणतात ते असं सुरू झालं. पुढे पाहुणे इतके वाढले की खोल्या पुरेनात, तेव्हा बायकांनी वर्गणी काढून वर डोंगरात म्हाताऱ्या कप्तानांसाठी वेगळं घर बांधलं. तिथून समुद्र छान दिसतो. बायकांनी केवढा विचार केला होता त्यांचा.

यावर अकरा मिनिटांची व्हॉइस नोट केली. हसू आवरत नव्हतं मला. ईशानीवहिनींनी उत्तरादाखल फोटो पाठवला. त्यात निळंशार पाणी, मागे ती गुलाबी-पिवळी घरं आणि पाण्यात साधना. गळ्यापर्यंत पाण्यात, किनाऱ्यापासून चांगली लांब. उभी नाहीये, तिथे पाय टेकणार नाहीत. पोहतेय.

मी सृष्टीला फोन लावला. विचारलं, आई कधी शिकली हे?

"लास्ट यिअर, बाबा. स्कूलच्या पूलमध्ये. शी टोल्ड यू."

मला सांगितलं असतं तर मला आठवलं असतं.

११ जुलै, शुक्रवार

सकाळपासून तीन नोट्स पाठवल्या. दुपारी सृष्टीचा मेसेज. "बाबा प्लीज स्टॉप द व्हॉइस नोट्स. मॉम इज हॅपी. लेट हर बी."

म्हणजे मी पाठवल्यावर ती हॅपी नसते का? असं विचारायला टाइप केलं आणि पुसलं. ग्रुप उघडून बघितला. वरपासून खालपर्यंत माझ्याच नोट्स, मध्ये मध्ये सतीशचे अंगठे.

खरं लिहायचं तर आज मला भीती वाटली. कशाची ते धड सांगता येत नाही. एसी चालू होता, सगळं जागच्या जागी होतं. साधनाच्या मगात कॉफी करून प्यायलो, धुऊन ठेवला, आणि पुन्हा तोच घेऊन बसलो.

१५ जुलै, मंगळवार

आल्या. साधना काळवंडली आहे आणि दहा वर्षांनी लहान दिसतेय. गाडीत मी विचारलं, मठापर्यंत गेलात का?

"नाही."

"देवळातली जहाजं?"

"काहीच नाही पाहिलं हो. सकाळी पाण्यात जायचो, मग खायचो, मग नुसतं बसायचो." मग म्हणाली, "मी रोज आठ तास झोपले. किती वर्षांनी, आठवतही नाही."

मार्गदर्शिका तशीच कोरी करकरीत परत आली. पहिल्या पानाचा कोपराही दुमडलेला नव्हता.

१९ जुलै, शनिवार

सृष्टी मैत्रिणीकडे गेली होती. साधनाने चहा केला, दोन्ही कप टेबलावर ठेवले आणि समोर बसली. एरवी ती उभ्यानेच पिते.

"तुमचा व्हिसा कॅन्सल करायचं म्हणतेय मी."

मला आधी वाटलं, इटलीच्या व्हिसाबद्दल बोलतेय.

"तुम्ही पुण्याला जा. कोथरूडचा फ्लॅट रिकामा आहे, तिथे ओळखी आहेत तुमच्या. सृष्टीची बारावी होईपर्यंत मी इथे आहे. पुढचं पुढे बघू."

"म्हणजे मला घालवून देतेस?"

"मला थोडं स्वस्थ जगायचंय." कपाकडे बघत बोलत होती. "तुमची नोकरी गेली याचं मला काही नव्हतं. कुणाचीही जाते. पण नोव्हेंबरपासून मी सगळीकडे कन्सल्टन्सी, कन्सल्टन्सी करतेय. आणि सगळ्यांना माहिती आहे हो. सतीशभावजींना पहिल्या महिन्यापासून माहिती आहे. तुमच्यासाठी सगळे गप्प बसतात."

सतीशला माहिती होतं. ऑपरेशन्स डायरेक्टर लिहून देताना माहिती होतं.

"एवढं सगळं त्या एका पत्रावरून?" मी म्हटलं.

"हो, पत्रावरूनच." आता तिने वर बघितलं. "ते लिहिताना मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांत एकदा मी तुम्हाला कुठेतरी नेतेय असं वाटलं होतं. तुम्ही ते काढून टाकलंत. इटली गेली तरी चालेल, पण माझ्या नावावर जायचं नाही. मी वीस वर्षं तुमच्या नावावर राहिले. मला नाही कधी लाज वाटली."

"ते वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती खरंच थांबली होती ऐकायला. चहा गार होईपर्यंत थांबली, मग दोन्ही कप उचलून आत घेऊन गेली.

२० जुलै, रविवार

काय वेगळं असतं ते लिहायला बसलो. बोलताना माणूस गांगरतो, लिहिताना सुचतं.

पुरुषाचं बाहेर एक स्थान असतं आणि. खोडलं. तिचंही आहे, सुपरवायझर आहे ती.

घरात कुणीतरी एकाने. खोडलं.

मी तिच्यासाठी पत्र लिहायचो तेव्हा ती. तेव्हा ती काय? मी तिला कधी विचारलं नव्हतं. हे वाक्य खोडलं नाही, पण पुढेही नेता आलं नाही.

दुपारी तिला म्हटलं, आपण परत अ‍ॅप्लाय करू, तुझं पत्र लावू, दिवाळीत जाऊ सान्तेल्मोला. मी खरंच मनापासून म्हटलं होतं. ती कपाट आवरत होती. म्हणाली, "मला नाही जायचं परत तुमच्याबरोबर." आणि माझे लोकरीचे कपडे वेगळ्या गठ्ठ्यात ठेवले. पुण्यात डिसेंबरात लागतील म्हणून.

९ ऑगस्ट, शनिवार

ग्रुपवर टाकलं की कन्सल्टन्सीच्या दृष्टीने पुण्याला बेस शिफ्ट करतोय. सतीशचा अंगठा आला. ईशानीवहिनींनी हात जोडलेले पाठवले. दोघांनीही विचारलं नाही, का.

संध्याकाळी सतीश भेटायला आला, एकटाच. मी त्याला म्हटलं, तुला माहिती होतं तर सांगायचं होतंस. तो म्हणाला, "अरे, तू इतकं छान बोलायचास त्या कन्सल्टन्सीबद्दल, मला वाटलं कशाला मोडायचं." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग दोघांनी मिळून माझ्या पुस्तकांचे खोके बांधले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

टायपिंग सेंटरला जाऊन आलो, इथे व्हिसाचे सरकारी अर्ज तिथूनच भरतात. साधनाने शाळेतून अर्धा दिवस काढला होता. जाताना रस्त्यात मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की काय बोलायचं. एवढी मोठी गोष्ट करतायत, माणसाला देशाबाहेर काढतायत, कुणीतरी विचारणारच की तुमची तयारी आहे का. तेव्हा आवाज चढवायचा नाही. शांतपणे, तिच्यादेखत म्हणायचं, हो, माझी संमती आहे. त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

काउंटरवर चष्म्याचा एक मल्याळी माणूस. साधनाने माझा पासपोर्ट पुढे केला.

"मॅडम, हजबंड का कॅन्सलेशन?"

"हां."

मी खुर्ची पुढे ओढली. तो म्हणाला, "सर, आप उधर आराम से बैठिए. आपका कुछ काम नहीं है, साइन सिर्फ स्पॉन्सर का लगता है."

मी उधर जाऊन बसलो. साधनाने सही केली, त्याने प्रिंट काढला, मोबाइलवर काहीतरी आलं ते तिला दाखवलं. "खलास, मॅडम." तिने थँक यू म्हटलं, कागद पर्समध्ये ठेवले आणि मला म्हणाली, "चला." मी अजून वाट बघत होतो. त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

मला कुणी विचारलं नाही.